ई-क्लास राखा, ग्रामसभेला या

गावकरी मंडळी, गावची ई-क्लास जमीन, म्हणजे आपलं गायरान, सौर प्रकल्पाला द्यायचा विषय अमरावती-अकोल्यातल्या ज्या गावात अजून निघाला नसेल, तिथेही तो उद्या निघू शकतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मधून राज्याला 16,000 मेगावॅट वीज उभी करायची आहे. एका मेगावॅटला साधारण 4 ते 5 एकर लागतात, तेही वीज उपकेंद्राच्या आसपास. खासगी जमिनीसाठी दहा मालकांच्या दारी जावं लागतं. ई-क्लासचा सातबारा सरकारचा, म्हणून बोट आधी तिच्याकडेच जातं.

दिवसा वीज आपल्याला हवीच आहे. रात्री दोन वाजता ओलिताला जाणाऱ्या माणसाला साप, रानडुक्कर आणि चिखलातली वायर काय असते, हे वऱ्हाडात कुणाला सांगायला नको. सौरऊर्जेला आपला विरोध नाही. गावाच्या चराईवर काचा अंथरून तारेचं कुंपण घालायला मात्र ठाम विरोध आहे.

कागदावर ही जमीन 'पडीक' दिसते. भर श्रावणात जाऊन बघा. चारी बाजूंनी सोयाबीन, तूर, कपाशी धुऱ्यापर्यंत भिडलेली असते. ढोराचं तोंड पिकाला लागलं की भांडण, कधी थेट पोलीस ठाणं. पावसाळ्याच्या चार महिन्यांत गुराख्यानं आखरावरची ढोरं न्यायची कुठे? ई-क्लासवरच. तिथे पवन्या असतो, शेडा असतो, कुंदा असतो. पूर्वी ज्वारी होती तेव्हा घरोघरी कडब्याच्या गंज्या लागायच्या. ज्वारी गेली, सोयाबीन आलं, कडबा संपला. कुटारावर ढोर किती दिवस तगणार? म्हणजे ई-क्लासची गरज आज कमी झालेली नाही, उलट वाढली आहे. ज्यांच्याकडे गुंठाभर वावर नाही, त्यांच्या चार बकऱ्यांचा सगळा संसार याच रानावर चालतो. मुलीची फी भरायची वेळ आली की त्या घरातला एक बोकड बाजारात जातो. बेरारी शेळी आणि पूर्णाथडी म्हैस यांची देशाच्या जातींमध्ये स्वतंत्र नोंद आहे, याचा आपल्याला अभिमान वाटतो. पण त्यांनी चरायचं कुठे, याचं उत्तर प्रकल्पाच्या फायलीत शोधून सापडत नाही.

गवताळ रानाचे धनी आणखीही आहेत. तणमोर हा पक्षी पावसाळ्यात याच माळांवर वीण करतो. 2021 पासून तो अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत मोडतो. अकोला जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या फासेपारधी बांधवांनी कारंजाच्या 'संवेदना' संस्थेच्या साथीनं गवत राखलं, पाखरं राखली. पिढ्यान् पिढ्या फासे लावून पोट भरलेल्या समाजानं हे केलं आहे. त्याच जिल्ह्यात माळाला ओसाड म्हणणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

आता पैशाचं बोलू. योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आहे, वर दरवर्षी 3 टक्के वाढ. 5 मेगावॅटला 20 एकर, म्हणजे 8 हेक्टर धरले, तर मालकाला पहिल्याच वर्षी 10 लाख मिळतात. तेवढीच जमीन ई-क्लासची गेली, तर ती नाममात्र भाड्यानं जाते. ग्रामपंचायतीला मिळतात वर्षाला 5 लाख, तेही तीनच वर्षं. वीजखरेदीचा करार मात्र 25 वर्षांचा. चौथ्या वर्षापासून गावानं काय करायचं? ज्याला स्वखुशीनं आपलं हलकं वावर भाड्यानं द्यायचं आहे, त्याला ते देऊ द्या. त्याच्याही घरात चार पैसे येतील.

कायदा आपल्या बाजूनं आहे. सर्वोच्च न्यायालयानं 28 जानेवारी 2011 रोजी जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी राखायला सांगितलं. त्यानुसार 12 जुलै 2011 रोजी राज्य शासनाचा निर्णय आला. जमीन महसूल संहितेतलं कलम 22-अ सांगतं की गायरान दुसऱ्या कामाला वळवायचं नाही. सार्वजनिक कामासाठी द्यायचंच झालं, तर दुसरी योग्य सरकारी जमीन उपलब्ध नसली पाहिजे. ती खरोखर नाही, हे लेखी मागा. कोणकोणत्या जागा पाहिल्या, का नाकारल्या, याची यादी मागा.

सगळ्यात मोठा धोका आपल्याच गैरहजेरीचा आहे. ग्रामसभेची गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांपैकी जे कमी असेल ते. तेवढीही माणसं आली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. पाच-सात जणांच्या सह्यांवर 25 वर्षांचा निर्णय असा होऊन जातो.

म्हणून पुढच्या ग्रामसभेला घरातले सगळे मतदार या. गुराखी, शेळ्या पाळणाऱ्या बाया, पारधी बेड्यावरची माणसं यांना पुढच्या रांगेत बसवा आणि आधी बोलू द्या. ठराव वाचून घ्या, इतिवृत्तात आपला आक्षेप शब्दशः लिहून घ्या, त्याची सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात मिळवा आणि तहसीलदार व जिल्हाधिकाऱ्यांकडे पोच घेऊन द्या. कोऱ्या रजिस्टरवर सही करू नका.