अर्जात ‘मी’ लिहायला शिकूया : ब्रिटनच्या आरोग्यसेवेतील एक दार आणि आपले तरुण

ब्रिटनची सार्वजनिक आरोग्यव्यवस्था, म्हणजेच नॅशनल हेल्थ सर्व्हिस किंवा एनएचएस, सध्या मोठ्या बदलातून जात आहे. मार्च २०२५ मध्ये तिथल्या सरकारने एनएचएस इंग्लंड ही मध्यवर्ती संस्था मोडीत काढून तिचे काम आरोग्य खात्याकडे घेण्याची घोषणा केली. जुलै २०२५ मध्ये दहा वर्षांचा आराखडा आला. त्यात तीन मोठे बदल सांगितले आहेत : रुग्णालयातली सेवा वस्तीपर्यंत नेणे, कागदावरचा कारभार संगणकावर आणणे आणि आजारावर उपचार करत बसण्यापेक्षा आजार टाळण्यावर भर देणे.

यातला दुसरा बदल आम्हाला महत्त्वाचा वाटतो. रुग्णाची नोंद, तपासणीचा अहवाल, औषधाची चिठ्ठी, शस्त्रक्रियेची प्रतीक्षायादी हे सगळे संगणकावर जात असेल, तर ती यंत्रणा कोण रचणार हा प्रश्न आपोआप येतो. त्या रचणाऱ्यांत जाण्यासाठी एनएचएसमध्ये एक जुने दार आहे. ग्रॅज्युएट मॅनेजमेंट ट्रेनिंग स्कीम असे त्याचे नाव. आपल्यातले जे तरुण शिष्यवृत्तीवर किंवा कर्ज काढून लंडन, मँचेस्टर, लीड्सला शिकायला जातात, त्यांच्यापैकी फार थोड्यांना हे दार माहीत असते, असे आमचे निरीक्षण आहे. ज्यांना माहीत असते त्यांच्यातलेही बरेच जण ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणून पुढे जातात. म्हणून या योजनेबद्दल थोडे सविस्तर.

योजना काय आहे?

एनएचएसची स्थापना ५ जुलै १९४८ ची आणि पदवीधरांना कारभाराचे प्रशिक्षण देणाऱ्या या योजनेची मुळे १९५६ पर्यंत जातात. आपल्यासाठी ते धम्मदीक्षेचे वर्ष. आज तिच्यात सर्वसाधारण व्यवस्थापन, वित्त, मनुष्यबळ, धोरण अशा शाखांबरोबर हेल्थ इन्फर्मेटिक्स ही शाखाही आली आहे. हेल्थ इन्फर्मेटिक्स म्हणजे आरोग्यसेवेतील माहिती आणि तंत्रज्ञानाचे काम. साधारण दोन वर्षांचे हे पगारी प्रशिक्षण असते. उमेदवाराला रुग्णालयांत आणि आरोग्य कार्यालयांत प्रत्यक्ष जबाबदारी दिली जाते आणि सोबत पदव्युत्तर पात्रताही मिळवता येते. सुरुवातीच्या काळात त्याला वॉर्डापासून कार्यालयापर्यंत सगळी व्यवस्था फिरून दाखवतात. संगणकापुढे बसणाऱ्याने आधी रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहावे, हा त्यामागचा विचार.

या योजनेतून बाहेर पडणारे कुठपर्यंत जातात? २०१४ ते २०२१ या काळात एनएचएस इंग्लंडचे प्रमुख असलेले सायमन स्टीव्हन्स याच योजनेतून आले. त्यांच्यानंतर प्रमुख झालेल्या अमांडा प्रिचर्डही याच योजनेतल्या. सलग दोन प्रमुख एकाच प्रशिक्षणातून येतात, तेव्हा ही मोक्याच्या जागांकडे नेणारी शिडी आहे हे वेगळे सांगायला नको.

तंत्रज्ञान तटस्थ नसते

‘सॉफ्टवेअरला कुठे जात कळते?’ असे आपल्यातलेही काही जण म्हणतात. सॉफ्टवेअरला जात कळत नाही, हे खरे. पण ते ज्या आकड्यांवर चालते, त्या आकड्यांत समाजाची सगळी विषमता आधीच उतरलेली असते.

अमेरिकेतले एक उदाहरण घ्या. कोणत्या रुग्णाला जास्त देखभाल लागेल, हे ठरवण्यासाठी तिथे एक संगणकीय पद्धत वापरली जात होती. ती रुग्णाच्या आजाराऐवजी त्याच्यावर झालेला खर्च मोजत होती. कृष्णवर्णीय रुग्णांवर मुळातच कमी खर्च होत असे. त्यामुळे तेवढेच आजारी असूनही ते यंत्राला ‘कमी आजारी’ दिसले. २०१९ मध्ये संशोधकांनी हे उघड केले. दुसरे उदाहरण बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचे. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर हे यंत्र काही वेळा ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवते. कोविडच्या काळात ही गोष्ट जीवघेणी ठरू शकत होती. ब्रिटन सरकारने नेमलेल्या स्वतंत्र समितीने २०२४ च्या अहवालात अशा उपकरणांतील पक्षपाताची दखल घेतली.

आता हेच आपल्या गावी आणून पाहा. मजुरी बुडेल म्हणून जी ऊसतोड कामगार बाई दवाखान्यात जातच नाही, ती आकडेवारीत निरोगीच दिसणार. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, समिती बसली, सर्वेक्षण झाले, तेव्हा कुठे त्या बायका मोजल्या गेल्या. नोंद कशाची ठेवायची आणि कुणाची ठेवायची, हे ठरवणाऱ्या टेबलाशी त्यांचे जगणे ठाऊक असलेला माणूस हवा. त्या टेबलाकडे जाणारा रस्ता अशा अर्जांतून जातो.

अर्ज करताना आपण कुठे कमी पडतो?

पहिला गैरसमज पदवीचा. हेल्थ इन्फर्मेटिक्ससाठी संगणकशास्त्राचीच पदवी हवी असे नाही. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेलेही इथे अर्ज करतात. तिथल्या मोजमापाने किमान टू-टू श्रेणीची पदवी लागते. भारतातील पदवी असेल तर तिची समकक्षता आधी तपासून घ्यावी. अर्ज साधारणपणे हिवाळ्याच्या तोंडावर सुरू होतात, पण नेमकी तारीख आणि त्या वर्षी उघडलेल्या शाखा दरवर्षी अधिकृत संकेतस्थळावरच पाहाव्यात. अर्जानंतर ऑनलाइन चाचण्या, मुलाखत आणि शेवटी मूल्यांकन केंद्र असे टप्पे असतात. मूल्यांकन केंद्रात गटचर्चा, सादरीकरण असे प्रकार घेतले जातात. हजारो अर्ज येतात आणि जागा काही शेकड्यांतच असतात. त्यामुळे आदल्या रात्री बसून भरायचा हा फॉर्म नव्हे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. या प्रक्रियेत गुणपत्रिकेपेक्षा तुमचे वागणे तपासले जाते. एखादा कठीण प्रसंग सांगा, तुमच्यावर कोणती जबाबदारी होती, तुम्ही नेमके काय केले, त्यातून काय निष्पन्न झाले, असे प्रश्न येतात. इथे चळवळीत वाढलेला आपला तरुण अडखळतो. त्याची भाषाच ‘आम्ही’ची असते. ‘आम्ही जयंतीला रक्तदान शिबिर घेतले’, ‘आम्ही वस्तीत अभ्यासिका सुरू केली’, ‘आम्ही सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर पाणी वाटले’. ही भाषा आपल्याला चळवळीने दिली आणि तिचा आम्हाला अभिमान आहे. एकट्याने श्रेय घेऊ नये, हा आपला संस्कार. पण समोर बसलेल्या परीक्षकाला त्या ‘आम्ही’मधला उमेदवार दिसत नाही. त्याला गुण द्यायचे असतात ते एका माणसाला.

म्हणून लिहायला हवे ते असे : ‘शिबिरात नावनोंदणीची रांग लांबत होती. मी रक्तगटानुसार तीन टेबले लावली, नोंदी वहीऐवजी एका तक्त्यात घेतल्या आणि दुपारपर्यंत गर्दी आटोक्यात आली.’ यात बढाई कुठेच नाही. हे झालेल्या कामाचे खरे वर्णन आहे. लाखोंच्या गर्दीत लोकांना रांगेत आणणे, हरवलेल्या मुलांची यादी ठेवणे, वर्गणीचा हिशेब जाहीर वाचून दाखवणे ही आपली नेहमीची कामे. व्यवस्थापनाच्या भाषेत हाच नियोजनाचा, माहिती हाताळण्याचा आणि उत्तरदायित्वाचा अनुभव. मात्र दीक्षाभूमी म्हणजे काय, हे तिथल्या परीक्षकाला माहीत असेलच असे नाही. एका वाक्यात ओळख द्यावी, शक्य तिथे आकडा द्यावा आणि पुढे जावे.

एनएचएसच्या घटनेत सहा मूल्ये सांगितली आहेत. रुग्णांसाठी एकत्र काम, आदर आणि प्रतिष्ठा, सेवेचा दर्जा, करुणा, जीवन सुधारणे आणि प्रत्येक माणसाची गणना. यातल्या करुणेवर आणि प्रतिष्ठेवर आपल्या मुलांना कुणी वेगळी शिकवणी लावण्याची गरज नाही. आपल्या अनुभवाची सांगड या शब्दांशी घालण्याचा सराव तेवढा करायला हवा.

तिथेही सगळे आलबेल नाही

दार आहे म्हणून ते सताड उघडे आहे असे कुणी समजू नये. वंशाच्या आधारे होणारा भेदभाव मोजण्यासाठी एनएचएसला २०१५ पासून स्वतंत्र मानक लागू करावे लागले. जातीचा प्रश्न तर अधांतरीच आहे. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख आणावा, असे तिथल्या संसदेने २०१३ मध्ये सरकारवर बंधन घातले होते. २०१८ मध्ये सरकारने मात्र कायद्यात बदल न करता न्यायालयीन निकालांवर विसंबण्याचे ठरवले.

व्हिसाची अडचण त्याहून रोखठोक. शिक्षण संपल्यावर मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा पदवीधर आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आतापर्यंत दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो दीड वर्षाचाच मिळणार आहे. प्रशिक्षण दोन वर्षांचे आणि व्हिसा दीड वर्षाचा, हे गणित जुळत नाही. त्यामुळे अर्जाला हात घालण्याआधी पूर्णवेळ काम करण्याचा आपला हक्क किती काळाचा आहे आणि शिष्यवृत्तीच्या अटी काय सांगतात, हे दोन्ही तपासा.

मग महाराष्ट्रात काय?

बहुसंख्य तरुण परदेशी जाणार नाहीत. त्यांच्यासाठी खरा प्रश्न इथला आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झाले आणि आज ७० कोटींहून अधिक आभा क्रमांक निघाले आहेत. एवढी माहिती गोळा होत असताना ती हाताळणारे हात कोणते आहेत? आरोग्य अभियानातली कितीतरी पदे वर्षानुवर्षे कंत्राटी आहेत. जिथे भरती बाहेरच्या एजन्सीकडे जाते, तिथे आरक्षणाची हमी पातळ होते. २०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये मिळाले. आधी सहा महिने, नंतर पाच महिन्यांची वाढ, आणि पुढे कायम नोकरीसाठी प्रशिक्षणार्थींची आंदोलने. शिडीची पहिली पायरी दिली, पण वर मजलाच नाही, अशी ही गत.

बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये सरकारला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी आणि परदेशी शिक्षणासाठी मदत मागितली होती. त्याच निवेदनात सरकारी सेवेतल्या वाट्याचीही मागणी होती. शिक्षण आणि अधिकाराची जागा या दोन मागण्या त्यांनी एकाच कागदावर ठेवल्या होत्या. आपण अलीकडे शिष्यवृत्तीसाठी भांडतो, आणि भांडायलाच हवे, पण पुढच्या जागेचे काय हे विचारायचे राहून जाते.

आमची मागणी साधी आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने पदवीधरांसाठी आरोग्य-तंत्रज्ञानाचे किमान दोन वर्षांचे पगारी प्रशिक्षण सुरू करावे. त्यात आरक्षण असावे, प्रशिक्षणाची सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रापासून व्हावी आणि शेवटी मंजूर, कायम पद असावे. विद्यार्थी संघटनांनी ही मागणी येत्या अधिवेशनाआधी आपापल्या आमदारांकडे लेखी द्यावी.

तोवर ब्रिटनमध्ये असलेल्या आपल्या भावाबहिणींनी एक काम हाती घ्यावे. जे या प्रक्रियेतून गेले आहेत, त्यांनी निवड झाली असो वा नसो, दरवर्षी दोन नव्या उमेदवारांची उत्तरे वाचून द्यावीत. अर्जात ‘मी’ लिहावे लागेल. तो ‘मी’ घडवण्याचे काम मात्र आपण सगळ्यांनी मिळूनच करायचे आहे.

जय भीम.