राजीनामे कोणाच्या इच्छेचे?

२७ जुलै २०२५ रोजी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातील सर्वांत मोठ्या संगणक-सेवा कंपनीने आपल्या नोकरवर्गापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक माणसे कमी करण्याचा मनोदय जाहीर केला. त्या वेळी पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गात जी अस्वस्थता पसरली ती केवळ आकड्यामुळे नव्हे. सहा लाखांच्या कंपनीत बारा हजार हा आकडा तसा फार मोठा नाही. अस्वस्थतेचे कारण नावात होते. १९६८ साली मुंबईत सुरू झालेल्या या कंपनीत मुलगा चिकटला की सरकारी नोकरीपेक्षा पगार बरा आणि शाश्वती मात्र सरकारी नोकरीचीच, अशी समजूत कोथरूडपासून डोंबिवलीपर्यंतच्या घराघरांत रूढ झाली होती. लग्ने जुळविताना आणि घरांची कर्जे काढताना याच समजुतीचा आधार घेतला जात असे.

माणसे कमी करण्याचा अधिकारच कंपनीला नाही, असे आम्ही म्हणणार नाही. कंपनीचे मुख्याधिकारी के. कृत्तिवासन यांनी असा खुलासा केला की, कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे वाढलेली उत्पादकता हे या कपातीचे कारण नाही. ज्यांचे कौशल्य आणि हाती असलेले काम यांचा मेळ बसत नाही अशांनाच जावे लागेल, आणि त्यांतही मधल्या व वरच्या श्रेणीतील लोक मुख्यतः असतील. जाणाऱ्यांना नोटिशीच्या मुदतीचा पगार, वर काही भरपाई आणि दुसरी नोकरी शोधण्यास साहाय्य मिळेल, असेही सांगण्यात आले. हा खुलासा आपण खरा धरून चालू. तरीही एक प्रश्न उरतोच, आणि आमच्या मते तोच मुख्य आहे: जाणारा माणूस जातो तो नेमका कोणत्या कागदावर सही करून?

हा प्रश्न समजण्यासाठी या धंद्याची रीत थोडी जाणून घेतली पाहिजे. संगणक-सेवा कंपनी मुख्यतः आपल्या माणसांचे श्रम परदेशी ग्राहकाला विकते. ग्राहकाच्या कामावर लावलेला माणूस कमावता. एक काम संपून दुसरे मिळेपर्यंत जो रिकामा असतो तो ‘बेंच’वर. जून २०२५ मध्ये या कंपनीने नियम केला की, प्रत्येकाने वर्षाकाठी २२५ दिवस ग्राहकाच्या कामावर भरले पाहिजेत आणि बेंचवरचा काळ ३५ दिवसांपलीकडे जाता कामा नये. नियम वरवर वाजवी दिसतो. परंतु काम मिळविणे हे विक्री विभागाचे आणि माणसाला कामावर नेमणे हे वरिष्ठांचे काम असताना, दोहोंपैकी एकही न घडल्याचा दोष बेंचवर बसलेल्याच्या पदरी घालणे हे कोणत्या न्यायात बसते? शेत नांगरायला दिलेच नाही, आणि पीक का आले नाही म्हणून गड्याला जाब विचारायचा, असा हा प्रकार झाला.

यानंतरचा प्रकार कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी वेळोवेळी सांगितला आहे आणि त्याचे स्वरूप बहुतेक ठिकाणी सारखेच आहे. माणसाला मनुष्यबळ विभागाकडून बोलावणे येते. दहा-पंधरा वर्षे नोकरी झालेल्या त्या गृहस्थासमोर दोन पर्याय ठेवले जातात: आपण होऊन राजीनामा द्या, म्हणजे निर्वेध ‘रिलीव्हिंग लेटर’ मिळेल, नाहीतर आम्ही काढू, आणि तशी नोंद कागदोपत्री राहील. शाळेत असताना आम्ही पाहिले आहे की, दाखल्यावरील ‘वर्तणूक’ या रकान्यात एखादा आडवातिडवा शब्द पडेल या धास्तीने पालक वाटेल ती अट मान्य करीत. पुढच्या कंपनीत पूर्वेतिहासाची कसून चौकशी होते हे ठाऊक असलेला, डोक्यावर घराचे हप्ते असलेला चाळिशीचा गृहस्थ या दोहोंतून काय निवडील, हे सांगण्यास ज्योतिषी नको. पुण्यातील ‘नाइट्स’ या संघटनेने ऑक्टोबर २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून एकट्या पुण्यात सुमारे अडीच हजारांकडून असे राजीनामे घेण्यात आल्याचा आरोप केला. कंपनीने तो साफ नाकारला.

खरे कोण, याचा निवाडा आम्ही करू शकत नाही. तथापि, राजीनामा आणि नोकरकपात यांत कायद्याने केवढे अंतर आहे, इकडे वाचकांनी अवश्य लक्ष द्यावे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात जे होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत जे कायम आहे ते असे: वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला कमी करताना कारणासह एक महिन्याची नोटीस अथवा तेवढा पगार, सेवेच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, आणि सरकारला त्याची वर्दी. त्या त्या वर्गात शेवटी आलेला सामान्यतः प्रथम जावा, आणि पुढे भरती झाली तर काढलेल्यास अग्रक्रम मिळावा, हाही नियम आहे. सरकारची पूर्वपरवानगी मात्र कारखाने, खाणी व मळे यांनाच लागते. संगणक-कंपनी या कचाट्यातून मुळातच मोकळी आहे. म्हणजे कायदा कंपनीकडून फारसे मागत नाही. आणि ज्याने ‘स्वेच्छेने’ राजीनामा दिला त्याच्या बाबतीत तर तेवढेही मागत नाही. वरच्या श्रेणीतील जुनी माणसे घालवायची असतील तर ‘शेवटचा प्रथम’ हा नियम किती अडचणीचा ठरतो, आणि राजीनामा किती सोयीचा, हे उघड आहे.

यावर उत्तर असे मिळते की, हे लोक कामगार नव्हेतच. ते ‘असोसिएट’, ‘मॅनेजर’, ‘लीड’ आहेत. दुर्दैवाने हे उत्तर कंपन्यांपेक्षा कर्मचाऱ्यांनाच अधिक प्रिय आहे. परंतु कायदा पाटीवरचे पद पाहत नाही, हातातले काम पाहतो. तांत्रिक काम करणारा हा त्याच्या व्याख्येत स्पष्ट बसतो. २०१५ साली याच कंपनीने कमी केलेल्या एका कर्मचाऱ्याच्या दाव्यात, तो व्यवस्थापकीय वर्गातील असल्याचा बचाव फेटाळून चेन्नईच्या कामगार न्यायालयाने २०२२ मध्ये त्याला परत कामावर घेण्याचा आदेश दिला. न्याय मिळाला खरा, पण सात वर्षांनी. इतका धीर आणि इतकी शिल्लक किती जणांपाशी असते?

येथे एका विसंगतीचा उल्लेख केल्यावाचून आम्हांस राहवत नाही. आज हिंजवडीत नोकरी करणाऱ्या कित्येक तरुणांचे वडील वा आजोबा बँकेत नाहीतर विमा कार्यालयात कारकून होते. १९५३ चा शास्त्री निवाडा, १९६२ चा देसाई निवाडा हे शब्द त्या घरांतून सणावारांसारखे बोलले जात. पांढरपेशा माणूसही संघटना करतो, मोर्चात चालतो आणि त्यात त्याची अब्रू जात नाही, हे त्या पिढीने सिद्ध केले. मिळालेल्या शाश्वतीतून तिने मुलांना अभियंते केले. आणि त्या अभियंत्यांना संघटनेचे सभासदपत्र भरताना आज संकोच वाटतो! १९८२ च्या गिरणी संपाची राखरांगोळी पाहिलेल्या मुंबईत हा संकोच समजण्यासारखा आहे. पण एकेकट्याने त्या खोलीत शिरणे आणि मागे कोणीतरी आहे हे जाणून शिरणे, यांतला फरक जे शिरले त्यांनाच विचारावा.

आता आकड्यांकडे वळू. ३० जून २०२५ रोजी कंपनीत ६,१३,०६९ लोक होते. ३० सप्टेंबरला ५,९३,३१४ उरले. तीन महिन्यांत १९,७५५ कमी झाले, तर कपातीत गेलेले सुमारे सहा हजार, असे कंपनीने सांगितले. उरलेल्यांत खुशीने दुसरीकडे गेलेले बरेच असणार, यात शंका नाही. किती खुशीने गेले आणि किती खुशी दाखवून, हे कंपनीबाहेरच्या कोणासही कळण्याची सोय नाही. राज्य सरकारला ती सहज करता येईल. कामगार आयुक्तांनी महाराष्ट्रातील मोठ्या संगणक-कंपन्यांकडून दरमहाच्या राजीनाम्यांची यादी वय व सेवाकाल यांसह मागवावी, आणि राजीनामा दिलेल्यास ठरावीक मुदतीत आयुक्तांपुढे येऊन तो मागे घेण्याची मुभा द्यावी. नव्या संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधी आहे. त्यात मालकाने पंधरा दिवसांचा पगार भरावयाचा आणि पंचेचाळीस दिवसांत तो त्या माणसाच्या खात्यावर जमा व्हावयाचा. राजीनाम्यावर सही केलेल्याच्या खात्यावर यातला एक रुपयाही येत नाही.