मौनाचा जाबजबाब

खून कोणी केला याचा अंदाज प्रेक्षकाला अर्ध्या वाटेवरच येतो आणि तरीही ज्याचा पीळ शेवटच्या क्षणापर्यंत सैल पडत नाही, असे राजकीय रहस्यपट आपल्याकडे फार थोडे झाले. आणि त्या थोडक्यांत गोविंद निहलानी यांच्या १९८० सालच्या ‘आक्रोश’चे स्थान, परवा तो पुन्हा पाहताना, मला पूर्वीइतकेच अढळ वाटले. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या या पटकथेतले रहस्य खुनाचे नव्हेच; ते मौनाचे आहे. बायकोला मारल्याचा आरोप ज्याच्यावर आहे तो लहान्या भिकू हा आदिवासी मजूर, सरकारने नेमून दिलेला तरुण वकील भास्कर कुलकर्णी गजांपलीकडून कितीही विनवीत असला, तरी स्वतःच्या बचावाखातर एक अक्षर उच्चारीत नाही.

पहिलेच दृश्य स्मशानातले आहे. पोलिसांच्या पहाऱ्यात, बेड्या घातलेल्या हातांनी हा माणूस बायकोच्या चितेला अग्नी देतो, आणि ओम पुरींचे ते डोळे, ज्यांत शोक आहे की क्रोध आहे याचा निवाडा आपल्याला करता येत नाही, तिथून पुढे सबंध चित्रपटभर आपली पाठ सोडीत नाहीत.

लहान्या बोलत नाही ते त्याला वाचा नाही म्हणून नव्हे, तर ऐकणारे कोण आहेत याचा त्याने केलेला हिशेब बिनचूक आहे म्हणून. झोपडीत म्हातारा बाप, तरणी बहीण आणि तान्हे मूल ही तिघे जणू ओलीस पडलेली. आणि ज्यांनी त्याच्या बायकोची, नागीची, अब्रू लुटून तिचा जीव घेतला ती प्रतिष्ठित मंडळी संध्याकाळी ज्या क्लबात पत्ते कुटतात, त्याच टेबलाशी सरकारी वकील दुसाणेही बसतो. हा दुसाणे स्वतः आदिवासी आहे. अक्कलहुशारीच्या बळावर तो त्या टेबलापर्यंत पोहोचला खरा, पण घरी टेलिफोनची घंटा वाजली की पलीकडचा अनामिक आवाज त्याला त्याच्या जातीवरून शिव्या मोजतो, आणि अमरीश पुरींचा तो धिप्पाड वकील त्या गिळून दुसऱ्या दिवशी कोर्टात तितक्याच थंडपणे उभा राहतो. मौन, म्हणजे, फिर्यादी पक्षाच्या बाकावरही बसलेले आहे. फरक इतकाच, की एकाने ते जिवाच्या भयाने पत्करले आणि दुसऱ्याने पदाच्या मोबदल्यात.

येथे एक आक्षेप मात्र नोंदवलाच पाहिजे. आदिवासींच्या बाजूने झगडणारा कार्यकर्ता या कथेत आहे, नाटककार महेश एलकुंचवार यांनीच ती भूमिका केली आहे. पण तो कडेला राहतो आणि मध्यभाग वकिलाच्या सदसद्विवेकाला मिळतो. त्यामुळे आदिवासी म्हणजे जात्याच मुका, आणि त्याची वाचा म्हणजे शहरातून आलेला कोणी काळा कोट, असा समज प्रेक्षकाने करून घेतला तर त्याला सर्वस्वी दोष देता येणार नाही. वस्तुतः इतिहासाची साक्ष उलट आहे. १९४५ सालच्या मे महिन्यात तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील झरी या गावी किसान सभेच्या परिषदेला वारली हजारोंनी जमले, वेठ करणार नाही असे उघड बोलले, आणि ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाल्यावरही ते शब्द त्यांनी मागे घेतले नाहीत. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ही हकीकत सांगितली आहे. वारली बोलले, कारण ते एकटे नव्हते. लहान्या गप्प राहतो, कारण तो एकटा आहे. कार्यकर्त्याचे खरे काम दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचे नसून हे एकटेपण मोडण्याचे असते, आणि ‘आक्रोश’ ते काम दाखवीत नसला, तरी ते न झाल्यास कोर्टाची खोली कशी दिसते हे त्याच्याइतक्या निष्ठुरपणे दुसऱ्या कोणी दाखविलेले मला आठवत नाही.

कारण कोर्ट ऐकते ते कागदाला. पंचनामा, जबानी, सातबारा, यांत ज्याचे नाव नाही त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट ही दप्तराच्या लेखी अतिक्रमण ठरत आली. या शिरस्त्याला पहिला मोठा तडा गेला तो २००६ च्या वनहक्क कायद्याने, आणि त्याहूनही त्याच्या २००८ च्या नियमांतील पुराव्यासंबंधीच्या १३ व्या नियमाने. दावेदाराखेरीज गावातल्या वडीलधाऱ्यांनी तोंडी सांगितलेले आणि लिहून घेतलेले निवेदन हाही पुरावा होय, शेताचे बांध हा पुरावा होय, जुनी विहीर हा पुरावा होय, असे त्या नियमात चक्क लिहिले आहे. पुढे मेंढा-लेखा या गडचिरोलीतील गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायपीट करीत आलेल्या मोर्चातील असंख्य आदिवासींना याच कायद्याची अंमलबजावणी मागावी लागली. लिहिलेला नियम आणि हाती पडलेला हक्क यांच्यातले अंतर पायांनी मोजावे लागते, ते असे.

‘आक्रोश’ संपतो तोही स्मशानातच. बापाच्या अंत्यविधीला बेड्यांसह आणलेला लहान्या, बहिणीवर खिळलेली एक वखवखलेली नजर टिपतो, कुऱ्हाड उचलतो आणि ती त्या नजरेवर न घालता बहिणीवरच घालतो. मग आभाळाकडे तोंड करून त्याने फोडलेली किंकाळी हाच त्याचा एकमेव जाबजबाब. तो कोणत्याही दप्तरात दाखल होणार नाही. पण त्या १३ व्या नियमातील पुराव्यांच्या यादीत विहिरीच्या जोडीला आणखी एक शब्द आहे, दफनभूमी. ज्या मातीत आपली माणसे पोचवायला लहान्याला दोनदा बेड्यांत आणले गेले, तशी माती, ती आपलीच असल्याचा पुरावा म्हणून, आता सरकारदरबारी मांडता येते.

— प्रेक्षक