दरड कोणाच्या दारात?

आपल्यापैकी बहुतेकांचे शिवार सपाट, कापसाचे आणि ज्वारीचे. मग या अंकात डहाणू-तलासरीच्या डोंगरांची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. कारण असे की माती, पाणी आणि उतार यांचा हिशेब जो समजतो, त्याने गप्प बसणे परवडणारे नाही.

दरड म्हणजे दैवी कोप नव्हे. डोंगरावर वर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. दिवसेंदिवस पाऊस लागला की पाणी माती-मुरुमात मुरते आणि पाषाणावर जाऊन अडते. वरचा थर जड होतो, कणाकणांची पकड सुटते. तशात कोणी पायथा कापला असेल तर आधारच गेला. मग सारा उतार एकदम घसरतो आणि पाणी जास्त असेल तर चिखलाचा लोंढा होऊन ओढ्याने खाली येतो. भरलेल्या शेततळ्याचा बांध आतून पाझरून कसा बसतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला जास्त सांगायला नको.

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव असेच गाडले गेले. १५१ माणसे गेली. गाव दिसत नाही, ही खबर प्रथम एस.टी.च्या चालकाने दिली. २२ जुलै २०२१ रोजी महाडजवळचे तळिये गेले, ८० हून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरसालवाडी. तिथे २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले. तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता. आणि ही वाडी सरकारच्या दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती!

माळीणच्या बाबतीत उतारावरचे सपाटीकरण आणि पाण्याच्या निचऱ्याचा अभाव यांकडे जाणकारांनी बोट दाखवले. आम्ही शेतीशास्त्र शिकलो तेव्हा 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हा मंत्र पाठ केला. यवतमाळ-बीडच्या माळावर तो खराच आहे. तिथे पाऊस कमी, थेंब न् थेंब जिरवायचा. पण डहाणूत पाऊस दोन हजाराच्या घरात. उभ्या उतारावर, जाड मातीत तिथे चर खणून पाणी जिरवणे म्हणजे घसरणीला वंगण घालणे. तिथे पाणी बाजूने, सावकाश, दगडी नाल्याने उतरवायचे असते. एकच नकाशा सगळ्या महाराष्ट्राला लावणाऱ्या योजनांचा हा दोष आहे.

आता डहाणू-तलासरीकडे पाहा. सपाट जमिनी सावकार-जमीनदारांच्या घशात गेल्या म्हणून वारली उताराला गेला. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या सोबतीने झरीला वारली जमले आणि त्यांनी वेठ झुगारली, तरी उतारावरची नागली-वरई काही सुटली नाही. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के सुरू झाले. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४ रिश्टरच्या वर गेला, लोकांनी थंडीत तंबूत रात्री काढल्या. लहान धक्के एकट्याने सहसा डोंगर पाडत नाहीत. पण आधीच भिजलेल्या, खालून कापलेल्या उताराला ते सैल करू शकतात. याच दोन तालुक्यांतून द्रुतगती महामार्ग आणि बुलेट ट्रेनचे मार्ग जातात. भरावाला मुरूम लागतो आणि मुरूम टेकडी खणूनच येतो.

पीक विम्यात आपला अनुभव काय? पाऊस माझ्या शेतात, मापक महसूल मंडळाच्या गावात. पाड्यावरच्या माणसाचेही तेच. आपले नुकसान पिकाचे होते, त्याचे घरदारासकट.

म्हणून जिल्हा बैठकीत ठराव करू या. प्रत्येक डोंगरपाड्यावर पर्जन्यमापक हवा. पायथ्याची खोदाई ग्रामसभेच्या संमतीशिवाय आणि भूवैज्ञानिकाच्या पाहणीशिवाय नको. धोक्याच्या पाड्याला जवळच, शेतीच्या आवाक्यात, मालकी हक्काची जागा हवी. पत्र्याची शेड नको.

सरकार येईपर्यंत पाड्यांनी स्वतः राखण करावी. सरळ कडेचा डबा उघड्यावर ठेवून रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजावे. २४ तासांत ११५ मिलिमीटर ओलांडले की तो अति जोरदार पाऊस समजावा. वरच्या बाजूला नवी भेग, कललेली झाडे, झऱ्याला अचानक गढूळ पाणी, भर पावसात ओढा एकाएकी आटणे, विनाकारण अडकणारी दारे, यांतले काहीही दिसले की रात्र असो वा दिवस, घर सोडावे. ओढ्याच्या दिशेने पळू नये, आडवे बाजूला जावे.

मेल्यावर मदतीचा धनादेश देणारे सरकार आपल्या ओळखीचे आहे. माणूस जिवंत असताना त्याच्या उताराची मोजणी करणारे सरकार मागणे हे आपले काम आहे.