सुटीतला प्रवास : तंजावर

आवडीसारख्या ठिकाणी नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांची सुटी बहुधा ठरलेल्या वाटेने जाते. मोठी सुटी मिळाली की गावाकडची गाडी पकडावयाची आणि तीन-चार दिवसांची मिळाली, तर महाबलीपुरम किंवा तिरुपती गाठावयाचे. या दोन्ही वाटा चांगल्याच आहेत. परंतु आवडीपासून केवळ एका रात्रीच्या अंतरावर एक असे शहर आहे, की जेथे १६७५ पासून १८५५ पर्यंत, म्हणजे तब्बल एकशे ऐंशी वर्षे, मराठी ही राजघराण्याची भाषा होती. ते शहर म्हणजे तंजावर. येत्या सुटीत आपण सहकुटुंब तेथे जावे, असे सुचविण्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रवास सोपा आहे. आवडीहून लोकल गाडीने मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, सेंट्रल स्थानकापर्यंत जावे. समोरच्या पार्क स्थानकावरून एग्मोर हे पुढचेच स्थानक. एग्मोरहून रात्री निघणारी उळवन एक्सप्रेस सकाळी तंजावरास पोहोचविते. 'उळवन' म्हणजे शेतकरी. कावेरीच्या खोऱ्यातील भातशेतीच्या मुलखात जाणाऱ्या गाडीस हे नाव शोभणारेच आहे.

सकाळचा पहिला कार्यक्रम बृहदीश्वराच्या दर्शनाचा ठेवावा. याचे कारण व्यावहारिक आहे. मंदिराच्या विस्तीर्ण दगडी प्रांगणात अनवाणी चालावे लागते आणि दहानंतर तो दगड असा तापतो, की मुले रडकुंडीस येतात. शिवाय दुपारी साधारणतः साडेबारा ते चार मंदिर बंद असते. चोळ सम्राट पहिला राजराज याने हे मंदिर १०१० साली पूर्ण केले. त्याचे विमान, म्हणजे गाभाऱ्यावरील शिखर, दोनशे फुटांहून अधिक उंच आहे. एकाच शिळेतून घडविलेला प्रचंड नंदीही मुलांना दाखवावा. गाभाऱ्याभोवतीच्या प्रदक्षिणामार्गातील नायककालीन रंगाच्या थराखाली चोळकालीन चित्रे आहेत, असे १९३१ साली उघडकीस आले. १९८७ साली या मंदिराचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.

इतके पाहून बहुतेक प्रवासी परततात. आपण मात्र घाई करू नये. आवाराच्या नैर्ऋत्य बाजूस प्राकाराच्या भिंतीकडे जावे. तेथे दगडावर ओळींमागून ओळी कोरलेल्या दिसतील आणि त्या मराठीत आहेत! दुसऱ्या सरफोजीराजांच्या आज्ञेने १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास येथे कोरण्यात आला. जगातील अतिदीर्घ शिलालेखांत त्याची गणना होते. लिपी बाळबोध आहे, मोडी नव्हे. म्हणून ज्याला देवनागरी अक्षरओळख आहे, असे तिसरी-चौथीतील मूलही त्यातील काही शब्द लावू शकेल. भाषा दोनशे वर्षांपूर्वीच्या दरबाराची असल्यामुळे अर्थासाठी वडीलधाऱ्यांनी मदत करावी.

या भिंतीपाशी थांबावे असे आग्रहाने सांगण्यास एक कारण आहे. वसाहतीतील आपली मुले घरात मराठी बोलतात, अंगणात तमिळ आणि शाळेत हिंदी व इंग्रजी. चार भाषा सहज बोलणारी ही मुले पाहून कौतुक वाटते. तथापि त्यांतील कित्येकांना मराठी वाचता येत नाही. आजीचे पत्र, आजोबांच्या हातची वंशावळ, घरातील पोथी ही त्यांना परकीच राहतात. वाचनाची सवय नुसत्या उपदेशाने लागत नाही. परंतु आपली भाषा आपल्या गावापासून शेकडो कोसांवर, एका चोळ मंदिराच्या दगडात भेटली, तर मूल स्वतःच तिच्यावरून बोट फिरवू लागेल, अशी आशा धरण्यास जागा आहे.

ही भाषा येथे आली कशी, हेही मुले विचारतील. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे विजापूरच्या वतीने या प्रदेशात आले आणि १६७५ च्या सुमारास त्यांनी तंजावर आपल्या ताब्यात घेतले. १६७७ च्या दक्षिण-दिग्विजयात कोल्लिडम नदीकाठी तिरुमळवाडी येथे दोघा बंधूंची भेट झाली. पण तिचा शेवट गोड झाला नाही. मात्र राज्याच्या वाटणीवरून जे घडले, त्याहून या घराण्याने विद्या आणि कला यांसाठी जे केले, तेच आज तंजावरात पाहावयास मिळते.

मंदिराहून राजवाड्यात जावे. मूळ वाडा नायक राजांचा. पुढे मराठ्यांनी त्यात भर घातली. रंगविलेल्या खांबांचा आणि कमानींचा मराठा दरबार पाहावा. कलादालनातील चोळकालीन कांस्यमूर्ती निवांतपणे पाहाव्यात. लहानग्यांसाठी देवमाशाचा मोठा सांगाडाही याच वाड्यात ठेविलेला आहे.

याच आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. नायककाळात आरंभ झालेला हा संग्रह सरफोजीराजांनी अपार वाढविला. संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदांचे शेकडो गठ्ठे येथे जतन केलेले आहेत. व्यंकोजींचे पुत्र शाहजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस रचिलेले 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे मराठी नाटक येथीलच हस्तलिखितांतून उजेडात आले. विष्णुदास भावे यांचे 'सीतास्वयंवर' सांगलीस रंगभूमीवर आले ते १८४३ साली, हे ध्यानात घेतले म्हणजे तंजावरी नाटकांचे महत्त्व कळते. सरफोजीराजांनी १८०५ च्या सुमारास छापखाना काढिला आणि इसापच्या कथांचे मराठी भाषांतर 'बालबोध मुक्तावली' या नावाने १८०६ साली छापविले. त्यांच्या धन्वंतरी महालातील नेत्ररोग्यांच्या नोंदीही, डोळ्यांच्या चित्रांसह, या ग्रंथालयात सुरक्षित आहेत.

सरफोजींचे एक पुस्तक शाळकरी मुलांना विशेष आवडावे. 'कुरवंजी' हा दक्षिणेतील नृत्यनाट्याचा प्रकार. त्यात डोंगरातील कुरव जमातीची, भविष्य सांगणारी स्त्री येऊन नायिकेला तिचे भाग्य कथन करते. सरफोजींनी 'देवेंद्र कुरवंजी' मराठीत लिहिली आणि या स्त्रीच्या मुखाने चक्क जगाचा भूगोल वदविला! भूगोल घोकावयास न लावता गाण्यातून शिकविणारा हा राजा आजच्या शिक्षकांनाही काही सांगून जातो. हे करीत असताना त्याच्या हाती राज्य जवळजवळ नव्हतेच, हेही लक्षात ठेवावे. १७९९ च्या तहाने कारभार इंग्रजांकडे गेला होता.

संग्रहालयाचा भाग कोणासही पाहता येतो. हस्तलिखिते वाचण्यास परवानगी लागते. वेळ व सुटीचा दिवस यांची चौकशी आधी करून जावे, म्हणजे हिरमोड होणार नाही.

दुपारी केळीच्या पानावर भोजन करावे. सांबाराचा जन्म तंजावरच्या मराठी मुदपाकखान्यात झाला, असे कोणीतरी आपणांस सांगेलच. ही आख्यायिका म्हणूनच ऐकावी आणि सांबार मागून घ्यावे. उन्हे कलल्यावर शिवगंगा उद्यानाजवळील श्वार्ट्झ यांचे चर्च पाहावे. १७७९ सालच्या या वास्तूत इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समन याने घडविलेले संगमरवरी शिल्प आहे. मरणशय्येवरील श्वार्ट्झ यांच्या भेटीस सरफोजी आले आहेत, असे त्यात दाखविले आहे. हिंदू शिष्याने आपल्या ख्रिस्ती गुरूसाठी करविलेले हे स्मारक. मुलांना एवढेच सांगावे. अधिक भाष्याची गरज पडणार नाही.

सायंकाळी बाजारात मान डोलाविणाऱ्या बाहुल्या, सोनेरी वर्खाची तंजावरी चित्रे आणि फणसाच्या लाकडातून वीणा कोरणाऱ्या कारागिरांची दुकाने पाहावीत. दुसरा दिवस हाताशी असेल, तर तिरुवैयारु येथे त्यागराजांच्या समाधीस जावे किंवा ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्रम पाहावे. प्रवाशांच्या अन्नपाण्याची आणि विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची सोय करणारी अशी छत्रे या राजघराण्याने ठिकठिकाणी बांधिली.

१८५५ साली पुरुष वारस नाही, हे निमित्त करून इंग्रजांनी हे राज्य संपविले. मराठी मात्र संपली नाही. तंजावरी मराठी कुटुंबे आजही घरात आपली वेगळ्या वळणाची मराठी बोलतात. तमिळ हरिकथेस तंजावर कृष्ण भागवतर यांनी जे रूप दिले, त्यात मराठी कीर्तनाची घडण, साकी, दिंडी आणि अभंग सामावले आहेत. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने दरबारी मोडी कागदांचे तमिळ भाषांतर प्रसिद्ध केले आहे. तमिळ अभ्यासक मोडी शिकून आपले जुने कागद वाचतात, ही गोष्ट अभिमानाची तशीच आपणांस थोडी विचारात पाडणारीही आहे.

वाचकहो, तंजावरच्या मराठी माणसांनी तमिळ आपलीशी केली, तेलुगूत नाटके लिहिली आणि मराठीही लिहिती ठेविली. आवडीतील मराठी घरांनाही यांतील काही सोडावे लागण्याचे कारण नाही. मुलांनी शेजाऱ्यांची तमिळ अवश्य शिकावी आणि रोज अर्धे पान मराठीही वाचावे. तंजावरास निघण्यापूर्वी पंधरा दिवस हा नेम धरावा. मग मंदिराच्या भिंतीपाशी गेल्यावर मोठ्यांनी गप्प राहावे आणि पहिली ओळ मुलांना लावू द्यावी. सोबत पाण्याची बाटली, टोपी आणि वही-पेन्सिल न्यावी. न लागलेले शब्द टिपून आणावेत आणि घरी आल्यावर कोशात पाहावेत.