डिटेन कोणाला करता?

तेलंगणातल्या भैंसा, मुधोळ, निर्मल भागातल्या समुपदेशकांची आणि परिचारिकांची पत्रे साठली आहेत. तक्रार औषधांची नाही, हजेरीची आहे. हॉजकिन लिम्फोमाच्या, एबीव्हीडी केमोथेरपीवर असलेल्या इंजिनिअरिंगच्या मुलाला कॉलेजने डिटेन केले. ७५ टक्के हवेत. वैद्यकीय कारणाने सवलत मिळाली तरी ६५च्या खाली नाही. सहा सायकल म्हणजे बारा डोस, पंधरवड्याला एक. अख्खे सेमिस्टर त्यात जाते. हैदराबाद २०० किलोमीटरहून लांब. आदल्या दिवशी रक्ततपासणी, नंतर उलट्या, मग काउंट खाली. कॉलेजच्या कार्यालयाचे म्हणणे, डिस्चार्ज समरीवर डे-केअरच्या जेवढ्या तारखा, तेवढेच दिवस आजारपणाचे! न्यूट्रोफिल ५००च्या खाली असलेल्या मुलाला साठ जणांच्या वर्गात बसवायचे का, याचे उत्तर तिथे कोणी देत नाही.

आणि आपण त्याला ‘हिंमत ठेव’ म्हणतो. ॲबी रोझेनबर्ग यांच्या सिॲटलमधल्या गटाने १२ ते २५ वयाच्या रुग्णांसाठी ‘प्रिझम’ हा कार्यक्रम आखला. त्यात ताण हाताळण्याबरोबर गाठता येईल असे उद्दिष्ट ठरवायला शिकवतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मनाची उभारी वाढलेली दिसली. या मुलाचे उद्दिष्ट चौथे सेमिस्टर होते. कार्यालयाने तेच काढून घेतले.

२०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांसाठी डे-केअर कर्करोग केंद्रे जाहीर झाली, पहिल्या वर्षी २००. प्रवास वाचेल, आनंद आहे. पण समुपदेशकाचे पद पहिल्या दिवसापासून मंजूर हवे. एचआयव्ही केंद्रातला माणूस अर्धा दिवस उसना आणून भागणार नाही.

आपल्या संघटनेचे काही सभासदही समरी हातावर ठेवून मोकळे होतात. हे थांबवा. पहिल्या सायकललाच ऑन्कोलॉजिस्टच्या सहीचे पत्र तयार करा: उपचाराचा एकूण कालावधी, डोसच्या तारखा, काउंट खाली राहण्याचे दिवस, संसर्गाचा धोका. एक प्रत प्राचार्यांना, एक विद्यापीठाला. पण आधी त्या मुलाला, त्या मुलीला एकांतात विचारा, आजाराचे नाव लिहायचे का? मुलींच्या घरी लग्नाच्या धास्तीने ते शेजाऱ्यांनाही कळू देत नाहीत. नको म्हटले तर नाव न घालता लिहा. मराठी घरातल्या आईवडिलांशी मराठीतच बोला. रात्री घाबरे झाले तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फाइलवर मोठ्या अक्षरांत हवा; तिथे मराठीतही बोलता येते.

कॉलेजने नकार दिला तर तो लेखी मागा. रुग्णांची नावे झाकून प्रती महिनाअखेरपर्यंत आमच्याकडे पाठवा. त्या घेऊन आम्ही जिल्हाधिकाऱ्यांना आणि कुलगुरूंना भेटणार आहोत.