कुंचला आणि सनावळी

आष्ट्यासारख्या उसाच्या गावातून एखादी मुलगी रंगपेटी घेऊन सांगली, कोल्हापूर वा मुंबईच्या कलाशाळेत दाखल होते, तेव्हा हातास वळण लावणारा चित्राभ्यास तेवढा खरा आणि कलेतिहासाची सनावळी केवळ परीक्षेपुरती, अशी तिची समजूत सहजच होते. वस्तुतः १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांकरवी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या, तेव्हा रेखाटन आणि इतिहास ही दोन्ही शास्त्रे त्या अंधाऱ्या लेण्यांत एकाच कुंचल्याने शिकविली गेली, आणि त्या प्रतिकृतींपैकी पुष्कळ लंडनच्या आगीत भस्मसात झाल्या तरी करणाऱ्यांच्या हाती आलेले कसब त्यांच्याजवळच राहिले. असा योग आपल्या मुलखातही दुर्लभ नाही. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी, जे स्वतः चित्रकार होते, त्यांनी यमाईच्या डोंगरावर १९३८ साली उभारलेल्या संग्रहालयात रविवर्मा आणि धुरंधर यांच्या चित्रांसमवेत हेन्री मूर यांचे पाषाणातील माता-बालकही आहे. महाविद्यालयांनी सहलीची नव्हे, मुक्कामाची तजवीज करावी, विद्यार्थिनीने त्या शिल्पासमोर बसून सकाळची आणि कलत्या उन्हाची छाया निरनिराळी रेखाटावी, आणि मग त्याच कागदाच्या कडेला शिल्पकाराचे नाव व काळ लिहावा.